कमरेच्या पट्ट्याने सांगितलेली उडी कितपत खरी?

३८ आणि ४१. दोन वर्षांपूर्वी व्हॉलीबॉलच्या एका निवड चाचणीत माझ्या दोन मुलींच्या नावापुढे हे आकडे पडले. जागच्या जागी मारलेल्या उभ्या उडीची उंची, सेंटीमीटरमध्ये. ४१वाली संघात गेली, ३८वाली परत आली. कमरेला पट्टा बांधायचा, उडी मारायची, मोबाइलवर आकडा उमटतो. यात कुणाचा वशिला नाही, कुणाची नजरचूक नाही, म्हणून तिथे कुणीच हरकत घेतली नाही. मीही नाही. परतीच्या बसमध्ये ती पोर गप्प होती. खानापूर स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाली, "सर, मी तिच्यापेक्षा कमी उडत नाही की. ह्यो पट्टा खोटं सांगूलाय बघा."

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलात पीटी शिकवतो. त्या संध्याकाळी तिची समजूत काढली, पण तिचं वाक्य डोक्यातून जाईना. पट्टा खोटं सांगतो म्हणजे नेमकं काय? तो उंची मोजतो कशी? त्यानंतर जे वाचलं, जे मैदानावर करून बघितलं, ते इथे लिहितो आहे. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांत आणि तालमींत आता असे पट्टे येऊ लागले आहेत. भरतीची तयारी करणारी मुलंसुद्धा विचारतात, "घेऊ का सर?" त्यांच्यासाठी हे आधी समजून घेतलेलं बरं.

पहिली गोष्ट अशी की अंगावर बांधलेला कुठलाही सेन्सर उंची बघत नाही. त्याला डोळा नाही, जमीन कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. त्याला कळतं ते फक्त ढकलणं. आत सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. शरीराला झटका बसला की तो तुकडा किंचित सरकतो आणि सरकला किती, ते विजेच्या भाषेत मोजलं जातं. हा ॲक्सेलरोमीटर. जोडीला जायरोस्कोप असतो, तो वळणं आणि कलणं मोजतो. बाकी सगळा हिशेब. उंचीचा आकडा ही मोजलेली गोष्ट नाही, हिशेबातून काढलेली गोष्ट आहे. आणि हिशेब म्हटला की तो कोणी, कुठल्या गृहीतावर मांडला, हे विचारावंच लागतं.

काट्यावर उडी मारली तर

हा हिशेब समजून घ्यायला आपल्या भागात एक फार चांगली वस्तू आहे: साखर कारखान्याचा वजनकाटा. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, आकडा येतो. समजा एखादी मुलगी तशाच एका छोट्या, चपळ काट्यावर उभी आहे आणि काटा सेकंदाला हजार वेळा आकडा लिहितो आहे. ती स्थिर उभी आहे तोवर तिचं वजन दिसेल, धरा ४५ किलो. उडीसाठी ती झटकन गुडघे वाकवून खाली जाते, तेव्हा काटा ४५ च्या खाली येतो. मग ती जमिनीला जोरात रेटते, काटा वर चढत दुपटीच्या आसपास जातो. पाय सुटले की शून्य. हवेत असेपर्यंत शून्यच. पाय टेकले की एकदम मोठा उसळा, आणि मग हळूहळू परत ४५.

प्रयोगशाळेतली फोर्स प्लेट म्हणजे हाच काटा. उडी मोजण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणून जगभर तिच्याकडेच बघतात आणि इतर साधनं तिच्याशी ताडून बघतात. या काट्याच्या नोंदीतून उंची दोन प्रकारे निघते.

एक, वेळेवरून. काटा शून्यावर किती वेळ राहिला, म्हणजे मुलगी किती वेळ हवेत होती, ते बघायचं. वर जायला अर्धा वेळ, खाली यायला अर्धा. त्यावरून सूत्र निघतं: हवेतल्या वेळेचा वर्ग करा, गुरुत्व त्वरणाने म्हणजे ९.८१ ने गुणा आणि ८ ने भागा. ०.५ सेकंद हवेत असेल तर उंची सुमारे ३०.७ सेंटीमीटर. ०.६ सेकंदाला ४४.१. इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी १९८३ साली ही पद्धत जंप मॅटवर, म्हणजे पाय सुटल्या-टेकल्याची वेळ नोंदवणाऱ्या चटईवर, रूढ केली, आणि आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त साधनांच्या पोटात हेच सूत्र आहे.

दुसरा मार्ग रेट्यावरून. वजनापेक्षा जास्तीचा रेटा किती आणि किती वेळ दिला, त्यावरून पाय सुटतानाचा वेग निघतो आणि वेगावरून उंची. वेगाचा वर्ग, भागिले दुप्पट गुरुत्व त्वरण. ४४ सेंटीमीटरच्या उडीला पाय सुटताना वेग सेकंदाला २.९४ मीटरच्या आसपास लागतो.

पट्ट्यातला सेन्सर हीच दोन्ही कामं कमरेवर बसून करायला बघतो. उभं असताना तो गुरुत्वाकर्षणाएवढा रेटा दाखवतो, हवेत गेल्यावर शून्याजवळ येतो. जत्रेतल्या उंच पाळण्यात खाली येताना पोटात जो पोकळपणा जाणवतो ना, तोच सेन्सरलाही जाणवतो असं समजा. अडचण एवढीच की फोर्स प्लेट जमिनीत घट्ट बसलेली असते, आणि पट्टा बसलेला असतो एका धावत्या, वाकत्या, घामाघूम झालेल्या माणसावर.

दहा मिलिसेकंदांची किंमत

वेळेच्या सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून वेळेतली बारीकशी चूक उंचीत मोठी होऊन उतरते. ०.६ सेकंदांच्या उडीत दहा मिलिसेकंद इकडेतिकडे झाले, म्हणजे ०.६० चे ०.६१ झाले, तर उंची ४४.१ वरून ४५.६ होते. दीड सेंटीमीटर, फुकटचा.

आता बघा. जो सेन्सर सेकंदाला शंभर नोंदी घेतो, त्याच्या दोन नोंदींमधलं अंतरच दहा मिलिसेकंद. पाय नेमके कधी सुटले आणि कधी टेकले, ही दोन्ही टोकं त्याला अंदाजाने ठरवावी लागतात. त्यात तो असतो कमरेवर. पायाचं शेवटचं बोट जमीन सोडतं तो क्षण कमरेला थेट कळत नाही. मध्ये घोटा, गुडघा, मांडी आहे. घोट्याला बांधलेल्या सेन्सरला तो क्षण जास्त स्वच्छ दिसतो, पण पाय टेकताना घोट्याला बसणारा हादरा इतका तीव्र असतो की कमी पल्ल्याचा ॲक्सेलरोमीटर तिथे चक्क थकतो, आकडा एका मर्यादेला जाऊन चिकटतो. शिवाय नोंदी खडबडीत येतात म्हणून सॉफ्टवेअर त्या गुळगुळीत करतं, आणि असं घासताना सुटण्याचा क्षण मागेपुढे सरकतो. पट्टे बनवणाऱ्या कंपन्या हे घासणं कसं करतात ते बहुधा सांगत नाहीत. मला यातली ही बाब सगळ्यांत जास्त खटकते. काट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असतं, म्हणून शेतकरी स्वतः वजाबाकी करून बघू शकतो. इथे थेट निव्वळ वजन हातात येतं.

रेट्याच्या मार्गाने जाणाऱ्या पट्ट्याचं दुखणं वेगळं. तिथे शेकडो छोट्या नोंदींची बेरीज करत वेग काढायचा असतो. दूध घालताना प्रत्येक मापात पाच-दहा मिली जास्त जात असेल तर संध्याकाळी कॅनमध्ये किती तूट दिसेल, तसंच. सेन्सर मुळातच एकाच बाजूला थोडा चुकत असेल, तर ती चूक प्रत्येक नोंदीत साठत जाते. वेगात सेकंदाला फक्त पाच सेंटीमीटरची चूक साठली तरी ४४ च्या उडीत दीड सेंटीमीटर सरकतात.

आणि कलणं. उडीसाठी खाली बसताना माणूस कमरेतून पुढे वाकतो. पट्टाही वाकतो. आता त्याचं 'वर' हे खरंखुरं वर राहत नाही. जायरोस्कोप सांगतो की इतके अंश कललो, त्यावरून सॉफ्टवेअर खरं वर शोधून काढतं. या शोधात दहा अंशांची चूक राहिली, तर गुरुत्वाकर्षणाचा दीड टक्का भाग हिशेबातून गळतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाकून परत उठायला लागणाऱ्या ०.८ सेकंदात तो साठून उंचीत तीन-चार सेंटीमीटरांचा फरक पाडतो. पट्टा सैल असेल, जर्सीच्या वरून बांधला असेल, घामाने घसरत असेल तर तो शरीराबरोबर हलत नाही, स्वतःचंच काहीतरी हलतो. आमच्याकडे सुरुवातीचे कित्येक आकडे निव्वळ सैल पट्ट्याने बिघडले.

गुरुत्व त्वरणाचा मुद्दाही एका शिक्षकमित्राने काढला होता. सूत्रात ९.८१ घालतात, पण ते सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्ताकडे जाल तसं आणि उंचावर जाल तसं ते कमी होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, अक्षांश सोळाच्या जरा खाली. इथे ते ९.७८ च्या आसपास येतं. मग सूत्र चुकतं का? चुकतं, पण पन्नास सेंटीमीटरच्या उडीत दीड मिलिमीटरने. त्याची चिंता सोडून द्यावी.

उंची, पण कुठून कुठपर्यंत?

खरा घोळ सेन्सरच्या चुकीपेक्षाही आधी सुरू होतो. उडीची उंची म्हणजे काय, यावरच साधनांचं एकमत नाही.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर अजून बोटांचे ठसे आहेत. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचे. टाचा टेकवून उभं राहायचं, हात ताणून पहिली खूण करायची, मग उडी मारून जमेल तितक्या वर दुसरी. दोन खुणांमधलं अंतर मोजपट्टीने मोजायचं. अमेरिकेतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक डडली सार्जंट यांनी १९२१ साली ही चाचणी मांडली, म्हणून पुस्तकांत तिला सार्जंट जंप म्हणतात. मोठ्या संघांकडे भिंतीऐवजी वर्टेक नावाचा खांब असतो, त्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर फिरत्या पट्ट्या. हाताने उडवाल तेवढ्या उडतात.

आता विचार करा. भिंतीवर पहिली खूण टाचा टेकवून केलेली असते. पण उडी मारताना पाय जमीन सोडायच्या आधीच आपण चवड्यांवर उठलेले असतो, शरीर दहा सेंटीमीटर किंवा त्याहून थोडं जास्त वर आलेलं असतं. भिंत ते धरते. हवेतल्या वेळेचं सूत्र ते धरत नाही, कारण त्याचा हिशेब पाय सुटल्यानंतर सुरू होतो. कमरेचा सेन्सर उभ्या स्थितीपासून कंबर किती वर गेली हे मोजत असेल तर तो धरतो, वेळेवरून काढत असेल तर धरत नाही. म्हणजे तीच मुलगी, तीच उडी, एका साधनावर ४० आणि दुसऱ्यावर ५२ अशी दिसू शकते आणि दोन्ही साधनं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. भिंतीवर आणखी एक भर पडते: खांदा किती ताणला, उडीच्या नेमक्या शिखरावर हात लागला की आधीच.

हातांचंही असंच. हात झुलवून मारलेली उडी खरोखरच जास्त उंच जाते. कमरेवर हात ठेवून मारलेल्या उडीपेक्षा पाच सेंटीमीटर आणि त्याहूनही जास्त फरक सहज पडतो. ही चूक नव्हे, ती वेगळी उडी आहे. पण हात डोक्यावर गेले की शरीराचा गुरुत्वमध्य शरीराच्या आतच थोडा वर सरकतो, आणि कमरेचा पट्टा तर कमरेलाच चिकटलेला. त्याला ते सरकणं दिसत नाही.

म्हणून कुणी सांगितलं की अमुक खेळाडू सत्तर सेंटीमीटर उडतो, तर पहिला प्रश्न पट्टा कुठल्या कंपनीचा हा नसावा. कुठून मोजलं, हात मोकळे होते की कमरेवर, आणि जागेवरून की धावत येऊन, हे आधी विचारावं.

गुडघे वाकवून उतरण्याची गंमत

त्या दोन मुलींकडे परत येतो, कारण मला त्यांचं कोडं इथेच सुटलं. हवेतल्या वेळेचं सूत्र एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरतं: जशा स्थितीत जमीन सोडली, तशाच स्थितीत परत आलात. पाय सरळ, चवडे खाली. पण उतरताना कुणी गुडघे वाकवून ठेवले तर पाय उशिरा टेकतात. उडी तेवढीच, हवेतला वेळ जास्त. ४४ सेंटीमीटरच्या उडीत उतरताना शरीर पाच सेंटीमीटर खाली असलं, तर सूत्र ४६.५ दाखवतं. ढोबळमानाने जेवढं खाली उतरलात त्याच्या निम्मी उंची फुकट मिळते.

काही मुलांना हे सांगावं लागत नाही, आपसूक जमतं. काही मुद्दाम करतात. माझी ४१वाली मुलगी मुद्दाम करत नव्हती. तिची उतरायची लकबच तशी मऊ होती, आणि खरं तर गुडघ्यांसाठी ती चांगली. मी दोघींच्या उड्या नंतर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये धरल्या. ३८वाली सरळ पायांनी उतरत होती, ४१वालीचे गुडघे आधीच दुमडलेले. कुणाची उडी खरोखर जास्त होती ते मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या तीन सेंटीमीटरांवर कुणाला घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे ठरवण्याच्या लायकीची ती मोजणी नव्हती, हे सांगू शकतो.

का, ते जरा आकड्यांत बघू. प्रत्येक मोजणीत थोडी हालचाल असते. काही सेन्सरची, काही माणसाची. तोच खेळाडू त्याच दुपारी लागोपाठ उड्या मारेल तरी दोन-तीन सेंटीमीटर वरखाली होतातच. समजा प्रत्येक आकडा दोन सेंटीमीटर इकडेतिकडे हलू शकतो. मग दोन आकड्यांच्या वजाबाकीत ही हालचाल चार होत नाही आणि दोनही राहत नाही, ती २.८ होते, म्हणजे जवळपास तीन. ४१ वजा ३८ किती? तीन. म्हणजे दिसलेला फरक आणि मोजणीचं डगमगणं एकाच मापाचं. एकेकीच्या चार-चार उड्या घेऊन सरासरी काढली असती तर हे डगमगणं निम्मं झालं असतं. गुडघ्यांनी मिळालेली भर मात्र सरासरीने जात नाही, कारण ती प्रत्येक उडीत त्याच बाजूला पडते.

चुकणारा काटा आणि डगमगणारा काटा

चूक दोन जातींची असते हे एकदा मनात बसलं की जाहिराती वाचणं सोपं जातं. एक काटा प्रत्येक ट्रॉलीला बरोब्बर पन्नास किलो जास्त दाखवतो. दुसरा कधी पन्नास जास्त, कधी पन्नास कमी. पहिला काटा चुकीचा आहे, पण त्याच्यावर गेल्या वर्षीचा आणि यंदाचा ऊस ताडून बघता येतो. पन्नास किलो दोन्हीकडे सारखेच आहेत. दुसऱ्या काट्याची सरासरी कदाचित अगदी बरोबर येईल, पण तुमच्या एका ट्रॉलीसाठी तो निरुपयोगी.

पट्ट्याच्या खोक्यावर 'फोर्स प्लेटशी ०.९९ सहसंबंध' असं काही छापलेलं असेल तर लक्षात ठेवा, हा आकडा फक्त एवढंच सांगतो की जो जास्त उडतो त्याला पट्टाही जास्त दाखवतो. पट्टा सगळ्यांनाच दहा सेंटीमीटर वाढवून देत असला तरी सहसंबंध ०.९९ येऊ शकतो. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली नेमकं हेच दाखवलं आणि दुसरी रीत सुचवली: दोन साधनांच्या आकड्यांची प्रत्येक वेळी वजाबाकी करा, सरासरी फरक किती ते बघा आणि शंभरातले ९५ फरक कुठून कुठपर्यंत पसरतात ते बघा. कुठल्याही सेन्सरबद्दल मला आता हे दोनच आकडे हवे असतात. सरासरी फरक म्हणजे पहिल्या काट्याची चूक, पसारा म्हणजे दुसऱ्याची.

व्हॉलीबॉलमध्ये कमरेला लावायचा 'व्हर्ट' नावाचा सेन्सर जगभर वापरला गेला आहे, आणि २०१७ च्या सुमारास त्याच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांचं सार असं: उड्या किती मारल्या, हे तो जवळपास बिनचूक मोजतो, उंची मात्र सरासरीने काही सेंटीमीटर जास्त दाखवतो. प्रत्यक्ष खेळात तर सेन्सरचं काम आणखी अवघड होतं. चाचणीतली उडी स्थिर उभं राहून मारलेली असते. सामन्यात तीन पावलं धावत येऊन स्मॅश, बाजूला सरकत ब्लॉक, मध्येच जमिनीवर झेप. पट्टा कललेला, हात वेगवेगळ्या दिशांना, उतरणं कधी एका पायावर. जागच्या उडीवर मिळालेली अचूकता इथे तशीच लागू पडेल असं धरून चालू नये.

मोबाइलने पडताळा

फोर्स प्लेट आपल्या शाळांच्या आवाक्यात नाही. पण पडताळा घ्यायला ती लागतेच असं नाही. सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन आता बऱ्याच मोबाइलांत असतो. मोबाइल जमिनीलगत, पायांच्या समोर, दीड-दोन मीटरवर ठेवायचा. पायाचं बोट सुटलेलं पहिलं चित्र आणि पाय टेकलेलं पहिलं चित्र शोधायचं, मधली चित्रं मोजायची. १४४ निघाली तर ०.६ सेकंद, म्हणजे ४४ सेंटीमीटर. एका चित्राची चूक झाली तर सहा मिलिमीटरचा फरक. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१५ साली याच तत्त्वावरचं 'माय जंप' हे ॲप फोर्स प्लेटशी ताडून बघितलं, तेव्हा सरासरी फरक सुमारे एका सेंटीमीटरचा आला होता, आणि तोही १२० चित्रांच्या कॅमेऱ्यावर. साध्या व्हिडिओवर मात्र हे करू नका. तिथे सेकंदाला ३० चित्रं असतात, एक चित्र चुकलं की जवळपास पाच सेंटीमीटर गेले. काही मोबाइल ९६० चित्रं म्हणून सांगतात आणि मधली बरीच चित्रं स्वतःच रंगवतात. त्यापेक्षा खरी २४० बरी.

हाही वेळेचाच हिशेब आहे, तेव्हा गुडघ्यांची अडचण इथेही आहे. फरक एवढाच की इथे ती डोळ्यांना दिसते. वाकून उतरलेली उडी बाद करता येते.

मुलांना सेन्सर आतून दाखवायचा असेल तर जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने काढलेलं 'फायफॉक्स' हे फुकटचं ॲप घ्या. गुरुत्वासह त्वरण निवडा, मोबाइल ओढणीने किंवा जुन्या पट्ट्याने कमरेला घट्ट आवळा, उडी मारा आणि आलेख बघा. सरळ रेघ, खळगा, डोंगर, मग शून्याजवळची सपाटी, मग उंच सुळका. माझ्या नववीच्या मुलांनी ती सपाटी पहिल्यांदा बघितली तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मी कधी विसरणार नाही. सपाटी अगदी शून्यावर नाही, थोडी थरथरते, हेही त्यांनीच दाखवलं. हवेतसुद्धा पाय हलतात, अंग वळतं. ज्या मुलाने हा आलेख एकदा बघितला, त्याला पट्ट्याचा आकडा देवाचा कौल वाटत नाही.

पट्टा असेलच, तर तो वापरायची आमची रीत आता ठरलेली आहे. कातडीलगत, घट्ट, पाठीमागे मणक्याच्या खालच्या टोकाशी. उडीपूर्वी किमान एक सेकंद पुतळ्यासारखं स्थिर, म्हणजे सेन्सरला आपलं शून्य सापडतं. काट्यावर ट्रॉली थांबल्याशिवाय वजन घेत नाहीत तसंच. हात कमरेवर. पाच उड्या, मध्ये पुरेसा दम. दरवेळी तोच पट्टा, कारण एकाच कंपनीचे दोन पट्टे जुळतीलच असं नाही. आणि शक्य तोवर तीच जमीन. खानापूरच्या पावसात मैदानाची तांबडी माती जूनपासून लोण्यासारखी होते. तिच्यात रेटा मुरतो आणि उडी खरोखरच कमी जाते. उतरतानाचा हादराही मऊ होतो, त्यामुळे पाय टेकल्याचा क्षण सेन्सरला नीट सापडत नाही. म्हणून पावसाळ्यात मोजणी व्हरांड्याच्या फरशीवर करतो आणि ते आकडे उन्हाळ्यातल्या मैदानावरच्या आकड्यांशेजारी लिहीत नाही.

पट्ट्याचा सगळ्यांत मोलाचा उपयोग मला उंचीत दिसतच नाही. तो आहे मोजदादीत. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथला कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, सततच्या उड्यांनी आणि उतरण्याने कुरकुरतो. याला जंपर्स नी म्हणतात. एका सरावात कोण किती वेळा उडालं हे आम्हाला पूर्वी कधी कळत नव्हतं. स्मॅश मारणाऱ्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष, आणि सगळ्यांत जास्त उडणारा असतो कित्येकदा चेंडू उचलून देणारा सेटर. पट्टा हे अचूक सांगतो. सामन्यांच्या आठवड्यात आता आम्ही त्यावरूनच सराव कमी करतो.

३८वाली ती मुलगी आता पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावला जाते. शनिवारी गावी असली की मैदानावर येते, मोबाइल घेऊन फरशीवर पालथी झोपते आणि धाकट्या पोरींची एकेक उडी चित्र-चित्र सरकवत बघते. परवा मी वही घेऊन बसलो होतो, आकडा लिहायला पेन टेकवलं, तर तिने मान वर न करताच हात आडवा केला. "थांबा सर. हिचे गुडघे वाकलेत. ही धरायची नाही."